घरात लिव्हरचा पेशंट असेल तर पावसाळ्याआधीच करून ठेवायची तयारी

घरात कुणाला सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) असेल किंवा हिपॅटायटिस बी-सीचं, म्हणजे विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीचं, जुनं दुखणं असेल तर खालचं सगळं मे महिन्यातच उरकून घ्या, कारण एकदा पाऊस लागला की नळाला गढूळ पाणी येतं, घरात एकामागोमाग एक ताप सुरू होतात आणि मग काही सुचत नाही. धडधाकट माणसाला कावीळ झाली तर तो थोडे आठवडे झोपून उठतो, पण ज्याचं लिव्हर आधीच थकलंय त्याला तीच हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ झाली तर पोटात पाणी, भ्रम, आयसीयू इथपर्यंत गोष्ट जाते, आणि हे खूप पटकन होतं.

आधी लसी, मेपर्यंत निदान सुरू तरी करा, कारण त्या पूर्ण व्हायला महिने लागतात. पोटविकारवाल्या डॉक्टरांना सांगून बी ची तपासणी करून घ्या, आधी होऊन गेलेली नसेल आणि लसही झालेली नसेल तर ०, १ आणि ६ महिन्यांनी असे तीन डोस, सिरॉसिसमध्ये लस नीट लागत नाही म्हणून बरेच डॉक्टर डबल डोस देतात आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडी टायटर बघतात, म्हणजे लस किती लागली ते सांगणारी रक्ततपासणी, तो १० च्या वर हवा. हा टायटर लोक करतच नाहीत, डॉक्टरांना आपणहून सांगून करून घ्या. ए ची कावीळ आपल्याकडे पुष्कळांना लहानपणीच नकळत होऊन गेलेली असते, म्हणून आधी अँटीबॉडी बघायची, नसतील तर ६ महिन्यांच्या अंतराने दोन इंजेक्शनं. फ्लूची दरवर्षी, इंजेक्शनवालीच, नाकात मारायचा स्प्रे नको. महाराष्ट्रात पावसाळ्यात फ्लू वाढतो म्हणून मे-जून बरा. आणि फ्लूची लस फक्त पेशंटला नाही, त्याच्यासोबत राहणाऱ्या सगळ्यांना द्या. घरात बी असेल तर बायको-मुलं-भावंडं सगळ्यांची तपासणी, रेझर आणि नेलकटर ज्याचं त्याचं वेगळं. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात विचारा.

ई ची लस आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे तिथे सगळी भिस्त पाण्यावर. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली ती याच ई ची, दूषित पाण्यातून पसरलेली. तेव्हा सोसायटीची टाकी पावसाआधी धुवून घ्या, ड्रेनेजची लाईन पाण्याच्या लाईनजवळ गळत नाही ना ते प्लंबरला दाखवा, आणि पेशंटचं पाणी चांगलं खळखळ उकळलेलंच, फिल्टर असला तरी. माठात पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. हात साबणाने धुवा, सॅनिटायझर या विषाणूंवर तितकं चालत नाही. बाहेरचा बर्फ, गोळा, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं बंद. आणि कावीळ झाली की माणसं प्रेमाने गाड्यावरचा उसाचा रस आणून पाजतात, तोही त्याच बर्फाचा, कृपया हे नका करू.

औषधांचा डबा एकदा रिकामा करून बघा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड असलेल्या अंगदुखीच्या गोळ्या बाहेर काढा. तापाला पॅरासिटामॉल चालतं पण डॉक्टरांना विचारून, सहसा दिवसाला २ ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं ते धरून. बी साठी टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही विषाणू दाबून ठेवणारी गोळी चालू असेल तर महिनाभराचा साठा जास्तीचा आणून ठेवा, ती मध्येच बंद पडली तर विषाणू उसळून येतो. गुळवेलीचे काढे, गावाकडचं काविळीचं औषध, काही नको, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या पेशंटच्या केसेस छापल्यात. कोणी कितीही आपुलकीने दिलं तरी नाही म्हणा.

आषाढी, श्रावण, चातुर्मासाचे उपवास हा नाजूक विषय, आई-आजी ऐकत नाहीत. पण सिरॉसिसमध्ये लांबलचक उपाशी राहिलं की शरीर स्नायू खायला लागतं आणि मग साधा तापही झेपत नाही, म्हणून डॉक्टरांकडूनच सांगायला लावा. रात्री झोपताना थोडं खाणं ठेवा, आणि तापात नुसत्या पेजेवर ठेवू नका, वरण, दही, अंडं जे चालतं ते द्या.

शेवटी फाईल. तब्येत बरी असतानाचे रिपोर्ट वर ठेवा, विशेषतः प्लेटलेट आणि बिलीरुबिन (काविळीचा आकडा), कारण या पेशंटच्या प्लेटलेट मुळातच कमी असतात, डेंग्यूत आकडा बघून नवा डॉक्टर गोंधळतो, त्याला जुना आकडा दाखवता आला पाहिजे. रात्री पोटविकाराचा डॉक्टर कुठल्या हॉस्पिटलला असतो ते आत्ताच विचारून ठेवा, मेडिक्लेम किंवा फुले योजनेचे कागद त्याच फाईलमध्ये. आणि घरातल्या सगळ्यांना ही लक्षणं पाठ हवीत: डोळे पिवळे, लघवी कमी, पोट फुगणं, काळी शी, रक्ताची उलटी, दिवसा झोप आणि रात्री टक्क जागं, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ. यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रिक्षा मिळेल ती पकडून फाईलसकट निघा.