मोशन ग्राफिक्सच्या प्रोजेक्टला संदर्भ शोधताय? नक्षी राहू द्या, चाल उचला

मोशन ग्राफिक्सचा, म्हणजे आकार-अक्षरं हलवून करायच्या छोट्या फिल्मचा, विषय मिळाला की त्याच रात्री पिंटरेस्ट उघडायचं, शे-दोनशे चित्रं बोर्डावर चिकटवायची आणि सकाळी "सर, मूडबोर्ड झाला" म्हणून मोकळं व्हायचं. विषय टंचाईचा असेल तर भेगाळलेली जमीन आणि नळाला लोंबणारा थेंब न बोलावता हजर होतात. असे बोर्ड मी आता उघडूनही बघत नाही.

सुरुवात एका वाक्याने करा, आणि त्यात क्रियापद असू द्या. "जायकवाडी धरण" हा विषय झाला नाही. "वरचं पाणी खाली येता येता अडतं" हा झाला.

मग घराबाहेर पडा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. उलटं समजून गेलेले बरेच जण गेटावरून परत आलेत. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, तेव्हा वही-पेन्सिल न्या. पैठणला जाल तर साड्यांच्या दुकानात नको, माग चालू असेल तिथे बसा. वाटेत कुठे हलगी किंवा संबळ वाजत असेल तर रेकॉर्ड करून घ्या, एडिटला बसल्यावर कामी येतं.

इथपर्यंत सगळे येतात. यापुढे मी स्वतः सपशेल आपटलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शिकत असताना मी पैठणीवर प्रोजेक्ट केला. मोर, आसावलीची वेल, नारळी काठ, सगळं इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केलं. मोर डावीकडून उजवीकडे सरकवला, वेल ट्रिम पाथने, म्हणजे रेघ हळूहळू उलगडणाऱ्या इफेक्टने, वाढवली. तीन आठवडे झोप नाही. परीक्षकांनी ते बघितलं आणि एवढंच विचारलं, "यात पैठणी कुठे आहे?" मला भयंकर राग आला. सगळ्या पडद्यावर पैठणीच तर होती! चूक उमजायला पुढचे दोन प्रोजेक्ट गेले. मी पैठणीची नक्षी उचलली होती, ती घडते कशी ते बघितलंच नव्हतं. तो मोर लग्नपत्रिकेच्या व्हिडिओतही असाच सरकला असता.

त्यामुळे मागासमोर बसलात की तीन गोष्टी लिहून काढा: आधी काय होतं, मग काय होतं, आणि काय कधीच होत नाही. खरा माल तिसऱ्यात असतो. विणकर मोराची बाह्यरेषा काढून मग रंग भरत नाही. मोर ओळीओळीने, सगळ्या रंगांसकट एकदमच तयार होत जातो. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि माघारी फिरतो. एक रंग दुसऱ्यावर कधीच चढत नाही. म्हणून तर हातमागाच्या पैठणीचा पदर उलट्या बाजूनेही तसाच दिसतो. तिरकी रेघसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनीच जाते. आता मोर विसरा. हद्दीपर्यंत जायचं, अडकायचं, परतायचं, चढायचं नाही, आणि चालायचं ते पायरीने: तुमचा संदर्भ हा.

वेरूळचं कैलास लेणंही असंच. ते वरून खाली कोरत नेलंय, नको तो दगड काढत काढत. तरी त्याचा "इन्फ्लुअन्स" घेणारी पोरं पायापासून थरावर थर रचून मंदिर उभं करतात. अरे, उलटं! पडदा आधी गच्च भरलेला हवा, आणि मास्कने (नको तो भाग झाकत) तो कमी कमी होत आकार उरायला हवा.

चित्रपटांच्या श्रेयनामावल्यांसाठी गाजलेले अमेरिकन डिझायनर सोल बास यांच्याबाबतीतही हेच होतं. सगळे त्यांच्यासारखे ओबडधोबड कापलेले आकार घेतात. त्यांनी १९५५ मध्ये एका चित्रपटाच्या श्रेयनामावलीत जॅझच्या तालावर नुसत्या पांढऱ्या पट्ट्या आणल्या आणि शेवटी त्यांचाच वाकडा हात केला. शिकायची ती पट्ट्यांची वेळ.

नियम हाती लागला की नाही हे तपासायला मी एकच चाचणी घेतो. सेकंदाला २५ फ्रेम्सच्या हिशेबाने आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये चार सेकंदांचं कॉम्पोझिशन (कामाचा पडदा), काळी पार्श्वभूमी, दोन राखाडी चौकोन. रंग, नक्षी, फॉन्ट काहीही नाही. तुमचा नियम फक्त त्या चौकोनांवर चालवा आणि विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी विचारा, "हे काय करतायत?" उत्तर "हलतायत" असं आलं तर परत मागावर जा. जायकवाडीवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने पैठणीचाच नियम घेऊन वरचा आणि खालचा असे दोन चौकोन हद्दीवर आणले, अडकवले आणि मागे फिरवले. मेसवरची मैत्रीण बघून म्हणाली, "एकमेकाला पुढं जाऊच देईनात की." तिथेच फिल्म झाली होती. तिच्यात एकही मोर नाही.

आणि सगळे कीफ्रेम (हालचालीच्या जागा ठरवणाऱ्या खुणा) निवडून एफ-९ दाबायची, म्हणजे सगळ्यांना "ईझी ईझ" लावायची, खोड सोडा. ईझी ईझने सगळं लोण्यासारखं घसरतं आणि पायरी मरते. पायरी हवी असेल तर होल्ड कीफ्रेम (पुढच्या खुणेपर्यंत जागेवर थांबून मग एकदम उडी मारणारा), दर दोन फ्रेम्सना एक. सुरुवातीला बघवत नाही. तरी आवाजाबरोबर लावून बघितल्याशिवाय पुसू नका.

एका प्रोजेक्टला एक संदर्भ, फार तर दोन. अजिंठा, वारली आणि जपानी पोस्टर एकाच बोर्डावर दिसले की मी तो न बोलता परत देतो.

रंग आणि फॉन्ट एका दुपारचं काम. स्टाइलफ्रेम, म्हणजे फिल्म कशी दिसेल ते दाखवणारी चित्रं, तीन पुरेत.

शेवटच्या पाटीवर "पारंपरिक कला" असं मोघम लिहू नका. ज्यांनी माग दाखवला त्यांना विचारून त्यांचं नाव टाका, आणि रेंडर झालं की त्यांच्या व्हॉट्सॲपवर आधी पाठवा.