विंडोज ११ की क्लाउड डेस्कटॉप? निर्णय टेबलागणिक घ्यावा

विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. तरीही ‘संगणक चालतो आहे ना’ या समजुतीवर अनेक सीए कार्यालये आणि पतसंस्था निर्धास्त आहेत. कार्यालयांना पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत मुदतवाढ मिळते, परंतु तिचा मूळ दर पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर असून पुढे दरवर्षी तो दुप्पट होतो आणि उशिरा सामील होणाऱ्यास मागील वर्षांचेही पैसे भरावे लागतात.

खरेदीचे कोटेशन मागवण्यापूर्वी वही घेऊन प्रत्येक टेबलापाशी जावे. प्रोसेसर आणि रॅम यांच्याबरोबरच त्या संगणकाला काय काय जोडले आहे, म्हणजे डिजिटल सहीचे टोकन, पासबुक प्रिंटर, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (जो जोडल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही), हेही लिहून घ्यावे. माझ्या अनुभवात घोळ होतो तो बहुधा या जोडण्यांपाशीच.

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम पुरते असे कागदोपत्री असले, तरी ८ जीबीखाली जाऊ नये. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी संगणकातील सोय) या अटी मात्र अधिकृत मार्गाने टाळता येत नाहीत. ‘टीपीएम सापडले नाही’ असा संदेश आला म्हणून संगणक लगेच भंगारात काढू नये. पुष्कळदा ती सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, नुसती बंद असते आणि इंटेलच्या मदरबोर्डवर ‘पीटीटी’, तर एएमडीच्या मदरबोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. बायोसला हात लावण्यापूर्वी मात्र बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की छापून ठेवावी. आमच्याकडे एकदा ती न घेताच बदल केला आणि सोमवारी सकाळी तो संगणक अठ्ठेचाळीस अंकी आकडा मागत निळ्या पडद्यावर अडून बसला. बॅकअप घेऊन आधी एकच संगणक अपग्रेड करावा. काही बिघडल्यास दहा दिवसांच्या आत जुन्या आवृत्तीवर परतता येते.

जे संगणक अटींत बसत नाहीत, त्यांच्यासाठी क्लाउड डेस्कटॉपचा, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या आणि इंटरनेटवरून वापरायच्या विंडोजचा विचार करावा. मायक्रोसॉफ्टच्या अशा दोन सेवा आहेत. विंडोज ३६५ मध्ये प्रत्येक वापरकर्त्यामागे दरमहा ठरावीक शुल्क असते, आणि त्याला जोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विंडोज १० संगणकांना वरील मुदतवाढ वेगळे पैसे न भरता मिळते. अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉपचे बिल वापरानुसार येते, त्यामुळे ऑडिटच्या हंगामापुरत्या वाढणाऱ्या आर्टिकल मुलांसाठी (सीएचे प्रशिक्षणार्थी) ते सोयीचे पडते; मात्र रात्री यंत्रे रीतसर बंद होण्याची व्यवस्था केली नाही, तर मीटर फिरतच राहतो. क्लाउडचे सर्व्हर असलेले केंद्र निवडताना ‘सेंट्रल इंडिया’ घ्यावे, कारण नाव मध्य भारताचे असले तरी ते पुण्यात आहे आणि महाराष्ट्रातून माउस अडखळण्याची शक्यता कमी राहते.

डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर क्लाउडमधील डेस्कटॉपवरही टाकावा लागतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील फाइलींसाठी तोच फॉन्ट तिथेही हवा, नाहीतर सभेच्या ठरावाऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. डोंगल आणि पासबुक प्रिंटर असलेले टेबल मी तरी क्लाउडवर नेत नाही. तिथे नवा संगणकच घ्यावा. क्लाउडवर नेलेल्या टेबलांसाठी इंटरनेटची दुसरी लाइन वेगळ्या कंपनीची घ्यावी आणि पहिली लाइन मुद्दाम काढून, भर कामाच्या वेळी, एकदा तपासून पाहावी.