गुळवेलीची सुरक्षा-चाचणी करताय? या चुका टाळा

पहिली चूक प्रयोगशाळेबाहेर, वेल तोडतानाच होते. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे आपली गुळवेल. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा सर्रास तिच्या नावावर खपते. खोडावर हात फिरवून बघा, क्रिस्पाच्या गाठी बोटांना लागतात. कोविडकाळात काढा घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी मांडलं, तेव्हा आयुष मंत्रालयाने याच सारखेपणाकडे बोट दाखवलं. यकृततज्ज्ञांना ते पटलं नाही. असा वाद मिटायचा तर ज्या वेलीचं खोड वापरलं, तिचाच वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वनस्पतींच्या नमुन्यांच्या संग्रहात, हवा. पुण्यात आघारकर संस्था आहे, बोटॅनिकल सर्व्हे आहे. तिथून ओळख पटवून नमुन्याचा नंबर घ्या. बाजारातल्या चुऱ्याची अशी ओळख पटत नाही.

लोक पितात पाण्यातला काढा आणि आपण तपासतो मिथेनॉलचा अर्क! सोपं पडतं म्हणून. पण मग तो निकाल काढ्याला लावू नका.

पेशींवर एमटीटी (जिवंत पेशी किती, ते जांभळ्या रंगावरून सांगणारी चाचणी) करताना अर्काचा डोस वाढवला तरी पेशी ‘जगतायत’ असं दिसलं तर लगेच खूश होऊ नका. वनस्पतीतली पॉलिफेनॉल्स ही रसायनं पेशींशिवायही एमटीटीचा जांभळा रंग आणतात. प्लेटमधल्या पेशी नसलेल्या विहिरींत (खळग्यांत) फक्त पेशी वाढवायचं माध्यम, अर्क आणि एमटीटी घालून बघा. जांभळं झालं तर एमटीटी घालण्याआधी अर्क धुऊन काढा, किंवा न्यूट्रल रेड या दुसऱ्या रंगाच्या चाचणीकडे वळा.

उंदरांचं काम एथिक्स कमिटीच्या मंजुरीनंतरच. नळीने पोटात डोस दिल्यावर काही मिनिटांतच उंदीर धापा टाकत मेला, तर अर्काला विषारी ठरवण्याआधी शवविच्छेदन करा. फुफ्फुसात अर्क सापडला तर नळी चुकली होती किंवा अर्क उलटून श्वासनलिकेत गेला होता. दाटसर अर्क घाईने ढकलला की हे सहज होतं.

आणि सगळ्यात महागात पडणारं वाक्य: ‘२००० मिग्रॅ/किलोला मृत्यू नाही, म्हणून वनस्पती सुरक्षित.’ ओईसीडी ४२३ मध्ये, म्हणजे एका डोसची तीव्र विषारीपणा तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत, निरीक्षण १४ दिवसांचं असतं. काढा लोक महिनोन्‌महिने घेतात. त्यासाठी २८ किंवा ९० दिवसांची चाचणी लागते. मुंबईच्या रुग्णांत दिसलेली इजा मात्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तशी) होती, आणि तसली प्रतिक्रिया निरोगी उंदरांत बहुधा दिसतच नाही. तेव्हा निष्कर्षात ‘या डोसला, इतक्या दिवसांत, या प्राण्यात’ एवढंच लिहा. परीक्षक ‘सुरक्षित’ शब्द मागत असले तरी.