डोंगरात पळायला निघालात? या चुका मी करून झाल्यात

रस्त्यावर दहा किलोमीटर पंचावन्न मिनिटांत पळणारा गडी पहिल्यांदा आतकरवाडीतून सिंहगड चढायला घेतो, आणि पंधराव्या मिनिटाला त्याला स्वतःच्या तब्येतीचीच शंका यायला लागते. माझंही तेच झालं. मी कातळाला टेकून धापा टाकतोय आणि शेजारून साठीतले काका काठी टेकत, घरच्या गप्पा मारत पुढे निघून गेले.

दमात कमी नव्हतो, हिशोबात चुकलो होतो. ती वाट तीन किलोमीटरच्या आतबाहेर, पण चढ सुमारे ६०० मीटरचा. ट्रेल रनिंगची, म्हणजे डोंगरवाटांवर पळण्याची, आंतरराष्ट्रीय संघटना ‘इट्रा’ दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर जास्तीचा धरते. म्हणजे नुसतं वर पोचणं हेच जवळपास नऊ किलोमीटर झालं! तेव्हा घड्याळातला ‘पेस’, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं, डोंगरात बघूच नका. एक वाक्य सलग बोलता येईना की चालायला लागा. पावलं लहान, तळवे मांडीवर. चालण्यात कमीपणा काही नाही, मोठ्या शर्यतींत पुढचे लोकही खडा चढ चालतच काढतात.

नव्या वाटेसाठी मी अजून स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथचा १८९२ सालचा ठोकताळा वापरतो: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक. तो चालणाऱ्यांसाठी आहे, पण पाणी किती घ्यायचं ते त्यावरून बरोबर कळतं.

आता उतार. बहुतेकांची शर्यत इथे बिघडते आणि सराव मात्र सगळे चढाचा करतात. कित्येक जण तर गड चढून, वर दही खाऊन, जीपने खाली येतात. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू भार पेलत पेलत ताणले जातात आणि त्यांना बारीक इजा होते. मग दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागतो. गंमत अशी की एकदा हा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तितके दुखत नाहीत. म्हणून शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा लांब उतार पळून घ्या. शेवटच्या आठवड्यात मात्र नको. मी नेमका चार दिवस आधी केला होता आणि शर्यतीत विसाव्या किलोमीटरला बाकावर बसून पाय चोळत होतो.

उतरताना भीतीने मागे रेलतो तो आधी घसरतो, कारण सगळा भार टाचेवर येतो. अंग किंचित पुढे, पावलं लहान आणि भराभर, हात पसरलेले, नजर तीन-चार मीटर पुढे. कातळावर सांडलेला मुरूम म्हणजे फरशीवर पसरलेली ज्वारी, तिथे वळू नका आणि ब्रेकही मारू नका. पावसाळ्यात शेवाळ दगा देतं हे सगळ्यांना माहीत असतं. डिसेंबरातलं वाळलेलं गवतही तितकंच निसरडं, हे पडल्यावर कळतं.

अंगठ्याचं नख काळं पडतंय? उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटतायत. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, नखं कापा, आणि नाडी सगळ्यात वरच्या भोकातूनही ओवून घोटा आवळा. खोल खाचांचा तळवा चिखलात उत्तम, पण ओल्या कातळावर मऊ रबरच धरून ठेवतं.

पाण्याच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. काही जण पीतच नाहीत, काही जण भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहतात. त्यातून रक्तातलं सोडियम घसरलं तर डोकं जड होतं, मळमळतं, बोटं सुजतात. अशा वेळी आणखी पाणी पाजू नका, डॉक्टर गाठा. तहान लागेल तसं प्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत कोंबू नका. आणि पाय दुखतायत म्हणून पळता पळता आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी तर घेऊच नका, मूत्रपिंडावर ताण येतो. खायला मी शेंगदाण्याची चिक्की नेतो. कुठलीही महागडी जेल (पळताना चोखायचं ताकदीचं गोड पाकीट) शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा चाखू नका.

‘आपल्याकडे कुठली आलीय थंडी’ म्हणून जाकीट गाडीत ठेवणाऱ्यांना मे २०२१ची गान्सूची शर्यत आठवावी. चीनमधल्या त्या १०० किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि वारा सुटला आणि २१ धावपटू गारठून दगावले. वारा अडवणारं जाकीट सक्तीच्या यादीत नव्हतं. सहा जणांना एका मेंढपाळाने आपल्या गुहेत नेऊन वाचवलं. सह्याद्रीत तितकी थंडी नसते हे खरं, पण भिजलेल्या अंगाने जुलैत धारेवर, भणाण वाऱ्यात, मुरगळलेला घोटा घेऊन अर्धा तास बसून बघा. जाकिटाचं वजन फार तर दोनशे ग्रॅम.

राहता राहिली आग्यामाशी. गडांच्या कड्यांना पोळी असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. उठल्याच तर हात झाडत उभे राहू नका, तोंड झाकून सरळ लांब निघा. पेस बघायचाच असेल तर तेव्हा बघा.