शिट्टी तोंडातून काढा : नव्या रेफ्रींनी टाळायच्या चुका

शालेय फुटबॉल स्पर्धांचा मोसम आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मैदानांवर नवे रेफ्री दिसू लागतात. बहुतेक जण कालपरवापर्यंत स्वतः खेळत होते. खेळ येतो म्हणजे नियमही येतात, अशी त्यांची समजूत असते. खेळाचे नियम सगळे मिळून सतरा. दोन संध्याकाळी बसलं तर वाचून होतात, पण तेवढाही धीर नाही. मोबाइलवर चार व्हिडिओ बघायचे आणि शिट्टी घेऊन उतरायचं. त्याची भरपाई बारा-चौदा वर्षांची पोरं करतात, म्हणून राग येतो.

सगळ्यात महाग पडते ती ऑफसाइडची घाई. ऑफसाइड म्हणजे सहकारी बॉल मारतो तेव्हा फॉरवर्डनं समोरच्यांच्या अर्ध्या भागात बॉलच्या आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढं असणं. खानापूरच्या बाजूला चौदा वर्षांखालच्या मुलांची एक मॅच बघत होतो. शून्य-शून्य. गोलकीपरनं गोलकिक, म्हणजे गोलरेषेबाहेर गेलेला बॉल गोलजवळून पुन्हा खेळात आणणारी किक, लांब मारली, ओल्या जमिनीवर टप्पा पडून बॉल डिफेंडरच्या डोक्यावरून गेला. पलीकडे फॉरवर्ड एकटाच होता. तो बॉल घेऊन पेनल्टी बॉक्समध्ये शिरला तोच रेषेवरच्या पालकांनी ‘ऑफसाइड, ऑफसाइड’ म्हणून गिल्ला केला आणि रेफ्रीनं शिट्टी फुंकली. पुढच्याच क्षणी बॉल जाळीत. त्या टीमचे कोच कडेवरूनच ओरडले, “ओ सर, गोलकिकवर ऑफसाइड असतंय व्हय?”

नसतो. गोलकिक, थ्रो-इन (बाजूच्या रेषेवरून हातानं फेकलेला बॉल) आणि कॉर्नर, या तिन्हींवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नाही. रेफ्रीलाही ते तिथंच आठवलं, पण उपयोग काय? बॉल गोलरेषा ओलांडायच्या आत शिट्टी वाजली होती, म्हणजे खेळ तिथंच थांबला. गोल देता येत नाही, ड्रॉप बॉल करावा लागतो, म्हणजे रेफ्रीनं हातातून बॉल जमिनीवर सोडून खेळ सुरू करायचा. त्यातही बॉल बॉक्समध्ये होता, त्यामुळे तो मिळाला समोरच्या गोलकीपरला. गोल गेला आणि बॉलही गेला. ते पोरगं जाळीला धरून उभं राहिलं, चिखलाच्या हातानं डोळे पुसत. नियमाप्रमाणे त्याला देण्यासारखं कुणाकडे काहीच नव्हतं.

उशिरा वाजवलेली शिट्टी सावरता येते. गोल झाल्यावरही, पुन्हा किकऑफ व्हायच्या आत, ऑफसाइड देऊन तो रद्द करता येतो. लवकर वाजवलेली शिट्टी परत घेता येत नाही. म्हणून मी शिट्टी तोंडात ठेवतच नाही. दोरी मनगटाला, शिट्टी मुठीत. हात वर नेईपर्यंत जो क्षण मिळतो त्यात पुन्हा विचार होतो. तोंडात शिट्टी धरून पळणारा रेफ्री दिसला की पुढं काय होणार ते मला कळतं.

ऑफसाइड बघायचा तो सहकाऱ्यानं बॉल मारला त्या क्षणी, फॉरवर्डला मिळाला त्या क्षणी नव्हे. स्वतःच्या अर्ध्या भागात ऑफसाइड नाही. समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या (गोलकीपर धरून) रेषेत असेल तरी नाही. हात-दंड मोजायचे नाहीत. आणि नुसतं तिथं उभं राहणं गुन्हा नाही. त्यानं बॉल खेळला, किंवा समोरच्याला अडवलं, तरच शिट्टी.

दुसरं दुखणं ‘हँड’चं. आपल्या मैदानावर कन्नड, मराठी, उर्दू, कोकणी सगळं चालतं, पण बॉल हाताला घासला की सगळे एकाच आवाजात ‘हँड’ ओरडतात आणि नवा रेफ्री लगेच फ्री किक देतो. हाताला लागलेला प्रत्येक बॉल हँड नसतो. मुद्दाम हात नेला का? हात अंगापासून असा पसरला होता का, की धावण्या-वळण्यात तो तिथं असायचं कारणच नव्हतं? एवढंच बघायचं. लाल मातीच्या खडबडीत मैदानावर टप्पा कुठूनही उडतो. दहा वर्षांच्या पोराच्या हातावर दोन फुटांवरून बॉल आपटला तर तो काय करणार? एक अपवाद पाठ करा. बॉल स्वतःच्या हाताला चुकून लागून थेट समोरच्यांच्या गोलमध्ये गेला, तर तो गोल नाही. खांदा मात्र हातात धरत नाहीत. काखेच्या खालच्या टोकापासून पुढे हात सुरू होतो.

बाकीचं थोडक्यात. थ्रो-इनला दोन्ही पाय जमिनीवर, रेषेवर किंवा बाहेर, आणि दोन्ही हातांनी डोक्यामागून वरून. बॉल फिरला म्हणून फाउल थ्रो देणारे रेफ्री बघितलेत, तसा नियम कुठंच नाही. गोलकिकचा बॉल बॉक्सबाहेर जायची वाट आता बघायची नसते, 2019 पासून तो मारून हलला की खेळात. गोलकीपरनं बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्यांना कॉर्नर, हा बदल 1 जुलै 2025 पासूनचा. शेवटचे पाच सेकंद हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे. जुनी सहा सेकंदांची मुदत आणि त्यावरची इनडायरेक्ट, म्हणजे जिच्यावरून थेट गोल होत नाही ती फ्री किक, आता विसरा.

इनडायरेक्ट दिली की हात सरळ वर, आणि बॉल दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत किंवा बाहेर जाईपर्यंत वरच. अर्ध्यात हात खाली आणणारे पुष्कळ. मग बॉल थेट जाळीत गेला की भांडण आलंच. ज्या मैदानावर कोच कन्नडमध्ये आणि पोरं मराठीत ओरडतात, तिथं हाताची खूणच सगळ्यांना कळते.

वयोगटाप्रमाणे खेळाची वेळ, बॉलचा नंबर, बदली खेळाडूंची रीत स्पर्धा बदलू शकते. ते पत्रक आदल्या दिवशी मागून घ्या. लहान गटाच्या मॅचला पाच नंबरचा, मोठ्यांचा बॉल आणलेला मी बघितलाय, आणि रेफ्रीनं तो हातात घेऊनही बघितला नव्हता.

शेवटचं, कडं आणि बाळी. दागिने चालत नाहीत, रबर बँडही नाही, आणि वर चिकटपट्टी लावूनही नाही. हे टॉसच्या आधी, पोरं रांगेत असताना बघायचं. हात पुढं, पालथे-उताणे, मग कान, मग गळा, मग नडगीवरचे शिनगार्ड. देवाचं कडं आहे म्हणून घरचे काढू देत नाहीत, तेव्हा पोरावर आवाज चढवू नका. कोचना बाजूला घेऊन सांगा, काढून आईजवळ ठेवायला लावा. अडलंच तर त्याला बाकावर बसवा आणि मॅच वेळेवर सुरू करा.