साथीच्या काळात गावाचा विश्वास कसा जपावा

साथीत शास्त्रज्ञांचा सल्ला बदलत जातो आणि नेमकी तिथेच गावकऱ्यांच्या मनात शंका शिरते; म्हणून आशाताईंनी किंवा सरपंचांनी तो बदल झाकू नये, ग्रामसभेत त्याचे कारण सांगावे. २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन डोसांमधील अंतर सुरुवातीला ४ ते ६ आठवडे होते, मार्चमध्ये ते ६ ते ८ आणि मे महिन्यात १२ ते १६ आठवडे झाले. जास्त अंतराने संरक्षण वाढते असे अभ्यासांत दिसले होते, हे सांगावेच. पण त्या दिवसांत लशीचा तुटवडाही होता, हेही तितक्याच स्पष्टपणे मान्य करावे, कारण अर्धे सत्य लोकांना लगेच ओळखू येते.

लशीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, हे टोचण्याआधीच सांगावे. कापूसवेचणीच्या हंगामात मजुराची रोजी बुडते, तेव्हा शिबिराचा दिवस त्यांना विचारूनच ठरवावा. मेळघाटात कोरकू बोलणारी, गावातलीच व्यक्ती सोबत असावी, आणि जे प्रश्न अनुत्तरित राहतील ते वहीत लिहून घेऊन, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचे उत्तर पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच माणसाला नेऊन द्यावे.