ठाण्यातील सुट्टीनंतर थायलंडच्या शाळेत पुन्हा रुजू होताना

थायलंडमधील बहुतेक शाळांचे वर्ष मेच्या मध्यास सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. तेथे इंग्रजी शिकवणाऱ्या ठाणेकर शिक्षकाला ही मोठी सुट्टी फार सोयीची पडते, कारण ती आपल्याकडच्या आंब्यांशी, लग्नसराईशी आणि भाचरांच्या सुट्टीशी बरोबर जुळते. मात्र परत जाण्याची तयारी बहुतेक जण शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. पहिल्या वर्षी शाळेचा माणूस विमानतळावर घ्यायला येतो, खोली दाखवतो, बँकेत सोबत येतो. पुढच्या वर्षी तुम्हाला सारे ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते आणि कोणी काही विचारत नाही. म्हणूनच परतणे हे पहिल्या जाण्याइतकेच तयारीचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि ही तयारी ठाण्याच्या घरातूनच सुरू झाली पाहिजे.

सर्वांत आधी पासपोर्ट काढून त्यातील शिक्के नीट वाचावेत. थायलंडमधील तुमची राहण्याची मुदतवाढ टिकून राहण्यासाठी देश सोडण्यापूर्वीच पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो. एका प्रवेशासाठी त्याचे शुल्क १,००० बाथ आणि अनेक प्रवेशांसाठी ३,८०० बाथ आहे. हा परवाना न घेता बाहेर पडल्यास मुदतवाढ रद्द होते. तसे झाले असेल, तर ते सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलेले बरे, कारण मग शाळेला लगेच कळवून तिची नवी पत्रे मागवावी लागतात आणि नोकरीच्या व्हिसासाठी थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर पुन्हा अर्ज करावा लागतो. पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन वर्गात शिकवायला उभे राहणे बेकायदेशीर आहे. शाळेतील कोणी तसा सल्ला दिला, तरी तो मानू नये.

पासपोर्टची मुदत संपत आली असेल, तर नूतनीकरणाची भेट वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्रात लवकर ठरवावी. थायलंडमधील शिक्षक परवान्यासाठी पोलिसांचा दाखला हवा असल्यास त्याचा अर्जही पासपोर्ट सेवेमार्फतच करता येतो. पासपोर्ट नवा झाला, तरी जुना सोबत ठेवावा, कारण व्हिसा आणि मुदतवाढीचे शिक्के त्यातच असतात. दातांची कामे, नवा चष्मा आणि नेहमीच्या औषधांची डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी ही कामेही ठाण्यातच उरकावीत. जांभळी नाक्यावरून गोडा मसाला, मेतकूट आणि कोकम जरूर घ्यावे. ताजी फळे, रोपे आणि बियाणे मात्र सामानात घालू नयेत, त्यांच्यावर आयातीचे निर्बंध असतात. डाळी आणि इतर मसाल्यांचे ओझे नेण्याचे कारण नाही, कारण बँकॉकच्या फाहुरात भागात ते सारे मिळते.

१ मे २०२५ पासून थायलंडमध्ये प्रवेश करणाऱ्या प्रत्येक परदेशी व्यक्तीला डिजिटल आगमन-पत्र ऑनलाइन भरावे लागते. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि त्याला शुल्क नसते. पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत. पोहोचल्यावर तुमच्या मुक्कामाची नोंद इमिग्रेशन कार्यालयाकडे २४ तासांच्या आत करण्याची जबाबदारी घरमालकाची असते, परंतु त्याला त्याची आठवण तुम्हीच करून द्यावी आणि पावतीची प्रत जपून ठेवावी. दर ९० दिवसांनी पत्ता कळवण्याची मोजणी या नव्या प्रवेशापासून पुन्हा सुरू होते, तेव्हा जुन्या तारखेवर विसंबून राहू नये.

शाळा उघडण्यापूर्वी किमान एक आठवडा आधी पोहोचावे, असे मी आग्रहाने सांगेन. घड्याळातला फरक केवळ दीड तासाचा असल्यामुळे शरीराला त्रास होत नाही. वेळ लागतो तो माणसांची पुन्हा ओळख होण्यास. सुट्टीत समन्वयक बदललेला असतो, सोबतची थाई शिक्षिका दुसऱ्या इयत्तेकडे गेलेली असते, तुमची बसण्याची जागाही हललेली असते. या बदलांबद्दल तक्रारीचा सूर लावण्याऐवजी पहिल्या दिवशी कार्यालयात सर्वांना हात जोडून भेटावे, ठाण्याहून नेलेली चिक्की किंवा काजूकतली मधल्या टेबलावर ठेवावी आणि वेळापत्रक, वर्गांच्या याद्या व वार्षिक नियोजनाचा नमुना मागून घ्यावा. ज्येष्ठ शिक्षकांना आधी भेटावे. तेथे हा क्रम आपल्याकडच्याइतकाच पाळला जातो.

वर्गात उभे राहण्यापूर्वी स्वतःच्या उच्चारांकडे लक्ष द्यावे, आणि या कामाला मी सर्वांत अधिक वेळ देण्यास सांगेन. दीड-दोन महिने घरी मराठीत बोलल्यावर आपले इंग्रजी वेगवान होते आणि मराठी वळणाने चालू लागते. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला आपण जो ‘प’ उच्चारतो, त्यात हवेचा झोत नसतो. मूळ इंग्रजी भाषकांच्या उच्चारात तो असतो. थाई भाषेत झोत असलेला आणि नसलेला असे दोन वेगळे वर्ण असल्यामुळे थाई मुलांचा कान हा फरक नेमका टिपतो, आणि आपला ‘पेन’ त्यांना शिकलेल्या शब्दापेक्षा निराळा वाटतो. ‘क’ आणि ‘ट’ यांचेही तसेच आहे. शिवाय आपला ‘ट’ जीभ मागे वळवून येतो, तर इंग्रजीतील तो वर्ण वरच्या दातांमागील हिरडीला जीभ लावून काढावा लागतो. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात रोज दहा मिनिटे पाठ्यपुस्तकातील उतारा मोठ्याने वाचावा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि ऐकून सुधारावा.

मुलांच्या अडचणीही आठवून ठेवाव्यात. थाई शब्दाच्या शेवटी ‘स’ किंवा ‘ल’ हे उच्चार येत नाहीत. त्यामुळे शेवटचा ‘स’ ‘त’सारखा होतो आणि ‘फुटबॉल’चा ‘फुटबोन’ होतो. थाई नामाचे रूप अनेकवचनात बदलत नाही आणि क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. तीन लिंगे आणि विभक्ती लहानपणापासून बोलत आलेल्या आपल्याला हे पटकन उमगत नाही, आणि शब्दाच्या शेवटचा ‘स’ गाळणारा मुलगा आळशी वाटू लागतो. तो आळशी नाही; त्याच्या कानाला तो आवाज अजून सापडलेला नाही. पहिल्या दोन आठवड्यांत नवे व्याकरण न घेता गेल्या वर्षीचे शब्द, ऐकण्याचे खेळ आणि जोडीने करायचे संवाद घ्यावेत. सरकारी शाळेत एका वर्गात चाळीसपेक्षा अधिक मुले असू शकतात. अशा वर्गात सूचना देण्याची, उठण्या-बसण्याची आणि वही गोळा करण्याची पद्धत आधी पक्की झाली, तर पुढचे वर्ष सुरळीत जाते.

जूनमध्ये, बहुधा गुरुवारी, शिक्षकांना वंदन करण्याचा ‘वाय ख्रू’ हा समारंभ होतो. मुले गुडघ्यांवर येऊन फुलांची तबके अर्पण करतात. त्यांत परंपरेने वांग्याची फुले आणि दूर्वाही असतात. या दिवशी नीटनेटका पोशाख करावा, शांत बसावे आणि तबक दोन्ही हातांनी स्वीकारावे. घरापासून दूर गुरुपौर्णिमा चुकवणाऱ्या मराठी शिक्षकाला हा समारंभ मनापासून भिडतो, आणि अनेकांचे पाऊल तेथे पुन्हा स्थिरावते ते याच दिवशी.

घरची ओढ पहिल्या तीन आठवड्यांत अधिक असते. या काळात नोकरी सोडण्याचा किंवा घर बदलण्याचा निर्णय घेऊ नये. आईवडिलांशी बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी. तेथील रात्रीचे आठ म्हणजे ठाण्यातील साडेसहा, म्हणजे बाबा तलावपाळीवरून फिरून येण्याच्या सुमारास फोन करता येतो.

पैशांची व्यवस्था एकदाच नीट लावावी. परदेशी नोकरीमुळे अनिवासी झालेल्या व्यक्तीने भारतातील साधे बचत खाते तसेच चालू ठेवायचे नसते. ते अनिवासी प्रकारात बदलण्यासाठी सुट्टीतच बँकेत जावे. एका आर्थिक वर्षात भारतात राहिलेल्या दिवसांची नोंदही वहीत ठेवावी, कारण प्राप्तिकराच्या दृष्टीने १८२ दिवसांची मर्यादा महत्त्वाची ठरते.

ऑक्टोबरच्या सुट्टीचे तिकीट मात्र शाळेकडून तारखा लेखी मिळाल्याशिवाय काढू नये. दुसरी सहामाही साधारणपणे १ नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. २०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला म्हणजे सुट्टीत येतो, पण लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला असल्यामुळे दिवाळीला घरी यायचे असेल, तर जूनमध्येच समन्वयकाकडे रजेचा अर्ज द्यावा, बदली तासांची सोय स्वतः सुचवावी आणि तिकिटाआधी पुनर्प्रवेशाचा परवाना काढून घ्यावा.